रोखणाऱ्या पेशी वेगळ्या काढताना

माणसाच्या रक्तातून नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी, जिवंत वेगळ्या काढायच्या आणि त्या इतर पेशींना खरंच रोखतात का हे तपासायचं, हे काम मी पीएचडीच्या निमित्ताने पुण्यात शिकले. प्रयोगशाळेत या पेशींचं पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे ‘टीरेग’ म्हणतात. माझ्या अभ्यासाचा आजार होता ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. त्यात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. सांधे सुजतात, आखडतात, उपचार वेळेवर झाले नाहीत तर हाडं कुरतडली जातात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन-तीन पट अधिक आढळतो. अशा आजारांबद्दल एक सोपं वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं: रोखणाऱ्या पेशी कमी पडल्या की शरीर स्वतःवर उलटतं. हे वाक्य कुठे खरं ठरतं आणि कुठे अपुरं पडतं, हे मला प्लेट आणि पिपेट हातात घेऊन बघायला मिळालं.

कामाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, बाह्यरुग्ण विभागात होते. नैतिकता समितीची मंजुरी असते, मराठीत छापलेलं संमतीपत्र असतं, आणि ते वाचून दाखवणं माझ्याकडे होतं. गावाकडून एसटीने आलेल्या एक काकू मला चांगल्या आठवतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, मग पीठ मळायचं कसं, हे त्या डॉक्टरांना सांगत होत्या. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती, तरी एक गुडघा टम्म सुजलेला होता.

“काकू, डॉक्टर तुमच्या गुडघ्यातलं पाणी काढणारच आहेत. त्यातलं थोडं आणि हातातलं थोडं रक्त आम्हाला अभ्यासाला द्याल का?”

“देते की. पण मला काय उपेग त्याचा?”

“तुम्हाला लगेच काहीच नाही. शरीरात काही पेशी लढणाऱ्या असतात आणि काही त्यांना आवरणाऱ्या. तुमच्या सांध्यात लढणाऱ्या थांबतच नाहीयेत. ते का, हे आम्ही शोधतोय.”

“म्हणजे आवरणारं कोणी ऱ्हायलंच नाही म्हण की, पोरी.”

“ते आहेत का, आणि असतील तर काय करतायत, तेच बघायचंय.”

त्यांनी अंगठा न देता सावकाश सही केली. सोबतच्या मुलाने जाता जाता विचारलं, आईची इम्युनिटी वाढवायला काय देऊ? हा प्रश्न जवळपास प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो ऐकून मला वाईट वाटतं, कारण या आजारात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या जागी लढत असते. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून जे जे विकलं जातं ते या रुग्णांच्या गळ्यात मारणं मला अन्यायाचं वाटतं.

हेपॅरिन घातलेल्या नळीतलं रक्त त्याच दिवशी कामाला घ्यावं लागतं. ते सलाइनसारख्या द्रावणात पातळ करायचं, दुसऱ्या नळीत फायकॉल हे जड द्रावण घ्यायचं आणि त्याच्या पृष्ठभागावर हे रक्त इतकं हलक्या हाताने सोडायचं की दोन थर मिसळता कामा नयेत. मग सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास, आणि शेवटी ब्रेक लावायचा नाही, यंत्र आपोआप मंदावू द्यायचं. नळी बाहेर काढली की तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे दुधावरच्या विरळ सायीसारखं एक पांढरट कडं. हवं ते सगळं त्या कड्यात. ५० मिलीलिटर रक्तातून तिथे साधारण ५ ते १० कोटी पेशी मिळतात. त्यांतल्या सीडी४ जातीच्या, म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ नावाचं प्रथिन असलेल्या, टी पेशी वेगळ्या करायच्या, आणि त्या सीडी४ पेशींत टीरेग असतात जेमतेम ५ ते १० टक्के. निकष कडक लावले, वाटेत होणारी गळती धरली, की अखेर नळीच्या तळाशी काही लाख पेशी उरतात. डोळ्यांना तिथे काही दिसतही नाही.

खरी अडचण मात्र संख्येची नाही, ओळखीची आहे. टीरेगची पक्की खूण म्हणजे फॉक्सपी३ हे प्रथिन. ते पेशीच्या केंद्रकात असतं. तिथपर्यंत ते ओळखून चिकटणारं प्रतिपिंड पोहोचवायचं तर पेशी रसायनाने घट्ट करून तिच्या आवरणाला भोकं पाडावी लागतात, म्हणजे ती मरते. ज्या खुणेने पेशी ओळखू येते ती खूण बघितली की पेशी कामाची राहत नाही. उंदरांमध्ये यावर तोड निघाली आहे: जनुकात असा बदल करतात की फॉक्सपी३ बनवणारी पेशी हिरवी चमकते आणि जिवंतच उचलता येते. माणसाच्या बाबतीत तसं करता येत नाही. मग पृष्ठभागावरच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. सीडी२५ भरपूर हवं. पण साधी टी पेशी चेतवली गेली की तिच्यावरही सीडी२५ येतं, आणि आमवाताच्या रुग्णात चेतवलेल्या पेशी मुबलक. २००६ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की टीरेगवर सीडी१२७ फार कमी असतं. तेव्हापासून सीडी२५ भरपूर, सीडी१२७ कमी, अशा जोडीने निवड करतात. पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या यंत्राच्या, सॉर्टरच्या, पडद्यावर ठिपक्यांचा ढग उमटतो आणि आपण माउसने त्याभोवती कुंपण घालतो. ते कुंपण कुठे घालायचं यावर पुढचा सगळा निष्कर्ष अवलंबून असतो. आमच्या मॅडम ते मला पुन्हा पुन्हा घालायला लावत, आणि प्रत्येक वेळी निरोगी माणसाचं रक्त शेजारी ठेवल्याशिवाय घालू देत नसत.

या पेशी येतात कुठून, हे मी वाचलं होतं. बघितलं ते लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत काढून टाकाव्या लागलेल्या थायमसच्या कापांवर. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेली ही ग्रंथी बालपणी चांगली मोठी असते आणि वयाबरोबर चरबीत विरत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तिची बाहेरची बाजू गर्द, पेशींनी खच्चून भरलेली दिसते आणि आतली बाजू फिकट. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी बाहेरच्या भागात टी पेशी होऊ लागतात. आतल्या भागात त्यांची परीक्षा होते. तिथल्या अस्तराच्या पेशी एअर नावाच्या जनुकाच्या जोरावर सगळ्या शरीराचे नमुने थोडे थोडे बनवतात. थायमसमध्ये इन्सुलिनचं काही काम नाही, तरी तिथे इन्सुलिनसुद्धा बनतं, ते केवळ दाखवण्यासाठी. या ‘आपल्या’ प्रथिनांना जी पेशी फार घट्ट चिकटते ती बहुधा मारली जाते. पण बऱ्यापैकी चिकटणाऱ्या काही पेशी मरत नाहीत. त्यांच्यात फॉक्सपी३ चालू होतं आणि त्या टीरेग म्हणून बाहेर पडतात.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टीरेगची नजर बाहेरच्या जंतूंपेक्षा आपल्याच ऊतींवर जास्त असते. ज्या ओढीमुळे ती पेशी घातक ठरली असती, त्याच ओढीमुळे तिला राखणदारी मिळते. त्याच फिकट भागात कांद्याच्या पाकळ्यांगत एकात एक गुंडाळलेले गोल दिसतात, ते हॅसलचे कण. ते कशासाठी आहेत हे कित्येक दशकं कोणाला ठाऊक नव्हतं. २००५ साली कळलं की त्यांच्याकडून येणारा संदेश घेऊन शेजारच्या डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणाऱ्या पेशी) नव्या टीरेग घडवतात. तो काप मी बराच वेळ बघत बसले होते.

सगळ्याच टीरेग थायमसमधून येत नाहीत. साधी टी पेशी बाहेर, विशेषतः आतड्यात, टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाखाली टीरेग होऊ शकते. आतड्यातले जंतू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट बनवतात, ते या बदलाला हातभार लावतं, हे २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं. अन्नात, जंतूंत रोजच नवं काही पोटात जातं. त्या सगळ्यावर चिडून उठायचं नाही हे शिकवायला बाहेर घडलेल्या टीरेग हव्यातच.

रोखण्याची चाचणी लावली की चार-पाच दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत मी या शोधाचा इतिहास वाचत गेले, आणि तो वाचल्यावर माझ्या प्लेटकडे बघण्याची माझी रीतच बदलली. १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लांची थायमस काढली. अपेक्षा अशी की प्रतिकारशक्ती दुबळी पडेल. घडलं उलटं: पिल्लांच्या अंडाशयांवर त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला केला. सातव्या दिवशी थायमस काढली तर तसं होत नव्हतं. उंदरात टीरेग थायमसमधून उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी लढणाऱ्या पेशी निघालेल्या असतात, आवरणाऱ्या अजून आत असतात.

शिमोन साकागुची याच कामाकडे ओढले गेले. पण १९८० च्या दशकात ‘सप्रेसर टी पेशी’ ही कल्पना बदनाम झाली. तिच्या पाठीराख्यांनी ज्या जनुकाचा दाखला दिला होता ते जनुक सांगितलेल्या जागी सापडलंच नाही, आणि बहुतेकांनी विषय सोडला. साकागुचींनी सोडला नाही. १९९५ साली त्यांनी दाखवलं की सीडी२५ असलेल्या पेशी वगळून उरलेल्या सीडी४ पेशी थायमस नसलेल्या उंदरात घातल्या तर अनेक अवयवांवर स्वहल्ला होतो, आणि वगळलेल्या पेशी परत दिल्या तर तो टळतो. केवढी स्वच्छ चाचणी! काढा, आजार होतो. परत घाला, होत नाही.

दुसरा धागा अमेरिकेतला. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात आपोआप उद्भवलेली उंदरांची एक जात होती, स्कर्फी. खवलेदार कातडी, सुजलेली प्लीहा, आणि नर पिल्लं काही आठवड्यांतच मरत. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा संशयित तुकडा आवळत आवळत २० जनुकांवर आणला आणि एकेक तपासलं. दोष सापडला तो अगदी शेवटच्या, विसाव्या जनुकात. २००१ साली त्यांनी त्याला फॉक्सपी३ नाव दिलं. त्याच वर्षी कळलं की याच जनुकातल्या बिघाडाने माणसाच्या मुलग्यांना आयपेक्स हा दुर्मीळ आजार होतो: तान्हेपणी मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब. २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले. फॉक्सपी३ हेच टीरेगच्या घडणीचं सूत्र आहे हे सिद्ध झालं.

६ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी तीनच्या सुमारास ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना वैद्यकातलं नोबेल जाहीर झालं तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत अक्षरशः आरोळी उठली. मॅडमनी त्या दिवशी काम थांबवून सगळ्यांना १९९५ चा तो निबंध वाचायला बसवलं. ज्या विषयाला हात लावायला लोक कचरत होते त्याला एका माणसाने दहा-पंधरा वर्षं धरून ठेवलं, हे नुसतं ऐकणं वेगळं आणि त्या मूळ निबंधातले आलेख बघणं वेगळं.

आयपेक्समध्ये ते सोपं वाक्य शंभर टक्के खरं आहे. टीरेग नाहीत किंवा निकामी आहेत, आणि शरीर स्वतःवर उलटलं आहे. आमवातात काय?

चाचणीची पद्धत अशी. लढणाऱ्या साध्या टी पेशींना सीएफएसई हा चमकणारा रंग लावायचा. पेशी दुभंगली की रंग निम्मा होतो, पुन्हा दुभंगली की पाव. त्यांना चेतवायचं, प्लेटमधल्या काही वेलमध्ये, म्हणजे बारीक खळग्यांमध्ये, त्या एकट्या, काहींमध्ये सोबत टीरेग: बरोबरीने, निम्म्या, पाव, अष्टमांश. चार-पाच दिवसांनी यंत्रावर बघायचं. एकट्या पेशींच्या आलेखात एकामागे एक शिखरं उमटतात, प्रत्येक शिखर म्हणजे एक पिढी. बरोबरीने टीरेग असलेल्या वेलमध्ये ती शिखरं दबलेली, बऱ्याचशा पेशी मूळ जागीच. निरोगी माणसाच्या रक्तावर हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा मी तो आलेख छापून डेस्कवर लावला.

एका तपशिलावर मॅडम अडून बसल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं मला आता पुरतं पटलं आहे. पेशी चेतवायला तयार मणी मिळतात, ते सोयीचे असतात. पण टीरेगचा एक मोठा डाव असा की ती आपल्या सीटीएलए-४ या रेणूने समोरच्या प्रतिजन-दर्शक पेशीवरचे (लढणाऱ्यांना लक्ष्य दाखवून चेतवणाऱ्या पेशीवरचे) सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू ओढून गिळून टाकते. ते गेले की ती पेशी लढणाऱ्यांना चेतवू शकत नाही. मण्यांवर ते रेणूच नसतात, म्हणजे टीरेगचा तो डाव चाचणीत दिसणारच नाही. म्हणून आम्ही दर्शक पेशी घालायचो, काम कितीही वाढलं तरी. याखेरीज टीरेग आजूबाजूचं, टी पेशींना वाढायला लागणारं इंटरल्यूकिन-२ शोषून घेतात, दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० सोडतात, एटीपी मोडून तसंच शमवणारं ॲडेनोसिन बनवण्याला हातभार लावतात. कुठल्या ऊतीत कुठला डाव निर्णायक ठरतो, ते त्या ऊतीवर अवलंबून.

काकूंच्या गुडघ्यातलं पाणी पिवळट, गढूळ आणि चिकट होतं. हायल्युरोनिडेझ हे विकर घालून ते सैल करावं लागतं, मग पेशी मिळतात. त्यात फॉक्सपी३ असलेल्या पेशी शोधल्या तर त्या कमी नव्हत्या. रक्तापेक्षा त्यांचं प्रमाण जास्त होतं. काकूंच्याच नव्हे, इतर रुग्णांच्या पाण्यातही तेच. जगात इतरत्र हे आधीच दिसलेलं होतं, मला वाचूनही माहीत होतं, तरी स्वतःच्या नमुन्यात ते बघताना मी थबकले. आवरणाऱ्या पेशी सांध्यात हजर होत्या, गर्दी करून होत्या, आणि गुडघा तरी सुजलेलाच होता.

मग अदलाबदल केली. एकाच रुग्णाच्या रक्तातल्या टीरेग, एकीकडे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींसोबत आणि दुसरीकडे सांध्यातल्या लढणाऱ्या पेशींसोबत. पहिल्या जोडीत शिखरं दबली. दुसऱ्या जोडीत ती फारशी दबली नाहीत. दोष आवरणाऱ्यांत कमी आणि न जुमानणाऱ्यांत अधिक, असं चित्र आलं. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे दाह पेटवणारे रेणू ठासून भरलेले असतात. त्यात राहिलेल्या लढणाऱ्या पेशी आतून इतक्या चेतलेल्या असतात की टीरेगचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अर्थात टीरेगही निर्दोष सुटत नाहीत. २००४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने दाखवलं होतं की आमवाताच्या रुग्णांच्या टीरेग इतर पेशींचं दुभंगणं थांबवू शकतात, पण त्यांच्याकडून होणारा दाहकारी रेणूंचा स्राव थांबवू शकत नाहीत. आणि टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर ही क्षमता परत येते. म्हणून नुसती शिखरं मोजून भागत नाही. वेलमधला द्रव जपून ठेवायचा आणि त्यात इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ किती सुटलं हेही मोजायचं.

काकू पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, “तुमच्यात आवरणारे आहेत, काकू. बरेच आहेत.” त्यांनी लगेच विचारलं, “मग आणखी वाढवून गुडघ्यात सोडता येतील का?”

प्रश्न अगदी रास्त होता. रुग्णाच्याच टीरेग काढून, बाहेर वाढवून परत देण्याचे प्रयोग झाले आहेत. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या डॉक्टरांनी टाइप १ मधुमेह नुकताच झालेल्या मुलांना त्या दिल्या, अमेरिकेत १४ प्रौढांवर झालेल्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दिल्याने अपाय होत नाही एवढं त्यातून कळलं. आजार बरा होतो, असं म्हणण्याइतका पुरावा त्यात नव्हता. सांध्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. २०१४ साली टोकियोच्या शास्त्रज्ञांनी संधिवाताच्या उंदरांत दाखवलं की दाहाच्या वातावरणात काही टीरेग फॉक्सपी३ गमावतात आणि इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या, हाडं पोखरणाऱ्या पेशी होतात. सोडायला गेलो आवरणारे आणि तेच फिरले तर? मी काकूंना म्हटलं, “अजून नाही सोडता येत. आधी तिथली आग कमी करावी लागते, तुमच्या गोळ्या तेच करतायत, त्या चुकवू नका. आणि सोडलेल्या पेशी तिथे टिकतील का, हे आधी बघायला हवं.”

ते टिकणं तपासण्याची एक रीत आहे आणि आता माझं काम तिथे चालू आहे. चेतवलेल्या साध्या टी पेशीही थोडा वेळ फॉक्सपी३ बनवतात, म्हणून प्रथिन दिसलं एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. फॉक्सपी३ जनुकाच्या एका ठरावीक भागावरचे मिथाइल गट (जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) पूर्ण उतरलेले असतील तर ती पेशी पक्की टीरेग. त्यात एक खाच आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो आणि त्याच्यावरचे मिथाइल गट तसेच राहतात. म्हणजे बाईच्या शंभर टक्के पक्क्या टीरेग मोजल्या तरी आकडा ५० च्या आसपास येणार आणि तो दुप्पट करून वाचावा लागणार. आमचे बहुतेक रुग्ण बायका आहेत, त्यामुळे प्रत्येक अहवालावर हे ठळक लिहून ठेवतो. सध्या रक्त आणि गुडघ्यातलं पाणी यांच्या जोड्या लावून डीएनए काढणं चालू आहे. सांध्यात जी गर्दी दिसली तिच्यातल्या किती पक्क्या आहेत आणि किती नुसत्या चेतून फॉक्सपी३ दाखवणाऱ्या, हे त्या आकड्यांवरून ठरेल.